किलोभर कैरीच्या वाट्या किती?

एक किलो कैरीचा कीस किती वाट्या भरतो, याची आमच्या घरात तीन उत्तरं आहेत आणि तिन्ही खरी आहेत. सासूबाई म्हणायच्या साडेचार. आई म्हणते सात, आणि कैरीनं बाठ धरलेली नसेल तर साडेसात. नणंद कीस करतच नाही, ती फोडी करते. तिचा हिशेब साडेपाच वाट्यांचा. तिघींच्या वाट्या वेगवेगळ्या मापाच्या असणार, असं कुणालाही वाटेल. म्हणून मी आधी वाट्याच तपासल्या. वाटी काठोकाठ पाण्यानं भरून काट्यावर ठेवायची आणि रिकाम्या वाटीचं वजन वजा करायचं. ग्रॅमचा जो आकडा येतो तोच मिलीलिटरचा. तिघींच्याही वाट्या दोनशेच्या आसपास भरल्या. घोळ वाटीत नव्हता.

किलोभर कैरी आणली की आधी साल जाते, कोय जाते, देठाजवळचा चिकाचा भाग जातो. हाती उरतो साडेसहाशे ते सातशे ग्रॅम गर. राजापुरीसारखी मोठी कैरी असली तर जरा जास्त, बारक्या रायवळ कैऱ्या असल्या तर बराच कमी, कारण बारक्या कैरीत कोयच जागा अडवून बसते. इथपर्यंत तिघींचं एकमत आहे, कारण इथपर्यंत सगळा व्यवहार वजनाचा आहे. मग किसणी येते आणि वाद सुरू होतो.

आई कैरी उभी धरून लांब लांब किसते. तिचा कीस परातीत फुलून बसतो, आणि ती तो अलगद उचलून वाटीत सोडते. वाटी भरलेली दिसते, पण काट्यावर ठेवली तर त्यात जेमतेम नव्वद-पंचाण्णव ग्रॅम कैरी असते. बाकी हवा. सासूबाईंची पद्धत उलट. वाटीत कीस घातला की चार बोटांनी दाबायचा, खाली बसला की वर आणखी घालायचा, पुन्हा दाबायचा. त्यांच्या वाटीत दीडशे ग्रॅम कैरी सहज मावायची, वर बोटांना रस लागायचा तो वेगळा. नणंदेच्या फोडी यांच्या मधोमध, सव्वाशेच्या आसपास. म्हणजे गर तोच, वाटी तीच, आणि एका वाटीतली कैरी दुसरीतल्या दीडपटीहून जास्त.

याचं बिघडतं कुठे, तर साखरेपाशी. आमच्याकडे साखरांब्याचं प्रमाण 'एकास एक', जितक्या वाट्या कीस तितक्या वाट्या साखर. साखर दाबली काय नि न दाबली काय, दोनशे मिलीच्या वाटीत ती एकशेसत्तर ग्रॅमच्या आसपासच बसते. दाणे बारीक, एकमेकांशेजारी गुमान बसतात. म्हणजे आईच्या एकास एक प्रमाणात कैरीच्या पावणेदोन पटीहून जास्त साखर पडते, आणि सासूबाईंच्या एकास एक प्रमाणात कैरीहून थोडीशीच जास्त. प्रमाण एकच आणि दोन वेगळे पदार्थ.

ते वेगळे होतेही. आईचा साखरांबा झटपट होतो, चकचकीत दिसतो, आणि बरणीच्या तळाशी कधीकधी साखर पुन्हा खडे धरते. सासूबाईंचा मंद आचेवर बराच वेळ रटरटायचा, रंगाला गडद व्हायचा, आंबटसर लागायचा, आणि जरा घाईनं उतरवला तर पावसाळ्यात वरच्या थराला बुरशीची शंका यायची. लहानपणापासून ऐकलेलं असं की हा हाताचा गुण असतो. असेल. पण त्यात गणितही आहे, आणि ते तसं अवघड नाही.

साखरेत मुरवलेलं फळ टिकतं ते त्यातलं पाणी साखरेनं बांधून ठेवलेलं असतं म्हणून. बुरशीला आणि यीस्टला हवं तेवढं मोकळं पाणी मिळत नाही. त्यासाठी शंभर ग्रॅम तयार पदार्थात पासष्ट-अडुसष्ट ग्रॅमपर्यंत साखर नि विरघळलेला ऐवज असावा लागतो. आपल्याकडच्या अन्नसुरक्षेच्या नियमांत जॅमसाठी हाच पासष्ट टक्क्यांचा किमान आकडा आहे, आणि बहुतेक फळांच्या जॅममध्ये निदान पंचेचाळीस टक्के फळ असलं पाहिजे असंही आहे. आता आईची वाटी घ्या. नव्वद ग्रॅम कैरी, एकशेसत्तर ग्रॅम साखर. कैरी बहुतांश पाणीच, तिच्यातला घन भाग दहा-बारा ग्रॅम धरा. दोनशेसाठ ग्रॅम मिश्रणात एकशेऐंशी ग्रॅम ऐवज झाला, म्हणजे एकोणसत्तर टक्के. गॅस पेटवायच्या आधीच साखरांबा टिकाऊ झालेला आहे. त्यानंतर आटवणं म्हणजे साखर पुन्हा दाण्यांकडे ढकलणं. सासूबाईंची वाटी घ्या. दीडशे कैरी, एकशेसत्तर साखर. अठ्ठावन्न-एकोणसाठ टक्क्यांवर सुरुवात. तिथून पासष्टच्या पुढे जायचं तर पाणी आटायलाच हवं, म्हणून तो वेळ, म्हणून तो रंग.

दोघींपैकी मला सासूबाईंचा आवडतो, हे इथे लिहायला हरकत नाही. आई हे वाचत नाही.

वाटीतल्या गोंधळावर जुन्या बायकांकडे उतारा होता, तो पाकाचा. मापात काही उणंअधिक झालं असेल तर ते एकतारी पाक दुरुस्त करतो. दोन बोटांत थेंब धरून ओढला आणि तार आली, किंवा ताटलीत टाकलेला थेंब पसरला नाही, की आत साखर किती आहे ते कळलं. मापानं सुरुवात करायची, पण निकाल पाकाकडून घ्यायचा. हल्ली थर्मामीटरवाले एकशेपाच अंश सेल्सिअस सांगतात, त्यात एक मेख आहे. तो आकडा समुद्रसपाटीचा. पाणी जिथे शंभर अंशाला उकळतं तिथे घट्ट झालेला जॅम साडेचार-पाच अंश वर उकळतो. पुण्यात पाणी अठ्ठ्याण्णवच्या आसपासच उकळतं, महाबळेश्वरला त्याहून दोन-तीन अंश आधी. तिथे स्ट्रॉबेरीचा जॅम एकशेपाचपर्यंत नेला तर बरणीऐवजी साच्यात ओतावा लागेल. आपल्या गावात पाणी किती अंशाला उकळतं ते आधी पाहावं आणि त्यात साडेचार मिळवावेत. तारेला मात्र कुठल्याही उंचीवर सूट लागत नाही.

हे सगळं मी इतक्या तपशिलात शिरून पाहिलं ते भाचीमुळे. ती न्यू जर्सीत असते. तिकडच्या भारतीय दुकानात कैऱ्या दिसल्या आणि तिला साखरांब्याची लहर आली. तिचा निरोप आला, 'मावशी, एक किलो कैरी म्हणजे किती कप, ते एकदा सांग. मी लिहून फ्रिजवर लावते.' मी विचारलं, किसून की चिरून? दाबून की मोकळं? सालीसकट किलो की गर किलो? त्यावर तिचं उत्तर, 'अगं, तू मला उत्तर देतेयस की माझी परीक्षा घेतेयस?'

तिचा प्रश्न तिथे राहून अगदी रास्त आहे. अमेरिकेत स्वयंपाकघर कपावर चालतं. बॉस्टनच्या फॅनी फार्मरबाईंनी १८९६ साली पाककृतींमध्ये सपाट मापांचा आग्रह धरला. कप भरायचा, वरून सुरी फिरवून सपाट करायचा. तोवर 'अंड्याएवढं लोणी' वगैरे चालत असे. मैदा, साखर, दूध यांना सुरी चालते. स्ट्रॉबेरीवर सुरी कशी फिरवणार? शिवाय कपही सगळीकडे सारखा नाही. अमेरिकेचा दोनशेसदतीस मिलीचा, ऑस्ट्रेलियाचा अडीचशेचा, जपानचा दोनशेचा, आणि भाताच्या कुकरबरोबर येणारा कप एकशेऐंशीचा. भाचीच्या घरात यातले दोन आहेत हे चौकशीअंती कळलं. आपल्या वाटीला नावं ठेवणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

अमेरिकेच्या कृषी खात्यानं फळांच्या पोषणमूल्यांची कोष्टकं केली आहेत. त्यांत प्रत्येक फळाच्या कपाचं वजन दिलेलं असतं, आणि बरेचदा ते फळ कसं चिरलंय त्यानुसार वेगवेगळं. मी ती कोष्टकं चवीनं वाचते. एक कप अख्ख्या स्ट्रॉबेरी १४४ ग्रॅम. अर्ध्या केलेल्या १५२. काप केलेल्या १६६. आणि मिक्सरमधून काढलेला गर २३२. एकाच फळाच्या एकाच कपात ऐंशी-नव्वद ग्रॅमांचा फरक. केळ्याचे काप १५०, कुस्करलेलं केळं २२५. आंब्याच्या फोडी १६५.

सफरचंदापाशी मी अडखळले. चिरलेले तुकडे १२५ ग्रॅम, आणि पातळ काप १०९. स्ट्रॉबेरी पातळ चिरली तर कपात जास्त मावते आणि सफरचंद पातळ चिरलं तर कमी? डब्यातलं एक सफरचंद घेऊन बसले तेव्हा उलगडा झाला. स्ट्रॉबेरीचा काप मऊ, ओला. दुसऱ्या कापावर पडला की त्याला चिकटून, वाकून, त्याच्या कुशीत बसतो. सफरचंदाचा काप ताठ. वाटीत टाकला की एका टोकावर उभा राहतो, दुसरा त्याला टेकतो, तिसरा आडवा अडकतो, आणि मधे पोकळ्या राहतात. वाटी हलवली तरी ते आपली जागा सोडत नाहीत. कैरीचंही थोडं असंच आहे. ताजा कीस ताठ असतो, त्याला मीठ किंवा साखर लावून पंधरा मिनिटं ठेवला की पाणी सुटतं आणि तोच कीस निम्म्या जागेत येतो. तेव्हा कीस किती हे विचारण्याआधी तो केव्हाचा हेही विचारायला हवं.

वाटीत हवा किती असते ते पाहायचा सोपा मार्ग द्राक्षांचा. वाटीत द्राक्षं सपाट भरा आणि वरून मोजून पाणी ओता. दोनशेच्या वाटीत ऐंशी मिलीच्या आसपास पाणी जातं. तेवढी जागा द्राक्षांनी घेतलेलीच नव्हती. गंमत अशी की द्राक्षं मोठी घेतली काय, बारकी घेतली काय, उत्तर फारसं बदलत नाही. एकसारखे गोल कसेही ओतले तर ते साठ ते चौसष्ट टक्के जागा व्यापतात, बाकी फटी. नीट रचले तर चौऱ्याहत्तर टक्क्यांपर्यंत जातं, त्याहून पुढे नाही, असं खगोलशास्त्रज्ञ केप्लरनं १६११ साली म्हटलं. ते सिद्ध करायला गणितज्ञांना १९९८ साल उजाडलं. टॉमस हेल्स यांनी संगणकाच्या मदतीनं ते केलं. नागपूरच्या रस्त्याकडेला संत्र्यांचा ढीग रचणारा माणूस रोज सकाळी त्या चौऱ्याहत्तरपर्यंत पोचत असतो. तीच संत्री घरी आणून पिशवीतून टोपलीत ओतली की आपण पुन्हा साठीवर.

वाटीतल्या हवेचा त्रास चुकवायचा तर फळ पाण्यात बुडवायचं. मोठ्या मापपात्रात अर्धा लिटर पाणी घ्या, कैरीच्या फोडी टाका, पाणी किती चढलं ते पाहा. फटीत पाणी शिरलेलं असल्यानं चढलेलं पाणी म्हणजे निव्वळ फळ. कैरी पाण्याइतकीच जड, म्हणून शंभर मिली चढलं तर शंभर ग्रॅम धरायला हरकत नाही. सफरचंदाला हा न्याय लागू नाही. त्याच्या पेशींच्या मधेच पाव हिस्सा हवा असते, ते तरंगतं. आंब्याचं तर पाण्याशी नातं फार जुनं. बागेत उतरवलेली फळं पाण्यात टाकली की कोवळी तरंगतात, जून बुडतात.

पूर्वी हे सगळे प्रश्न का पडत नव्हते? पडत होते, पण बाजारानं ते वाटून घेतले होते. धान्य मापानं, गूळ-साखर तराजूनं, आणि फळ नगावर. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली ही सगळी कैली मापं धान्याची. माप भरताना शीग लावायची की सपाट, यावरून खळ्यात भांडणं होत. ज्वारी वाहते, ओतली की भांड्याचा आकार घेते, शीगही तिला शोभते. आंबा मापट्यात घालून पाहा. म्हणून आंबे शेकड्यावर, डझनावर. मेट्रिक पद्धतीचा कायदा १९५६ चा, ती अमलात आली १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं, आणि १९६२ पर्यंत ऐंशी तोळ्यांचा शेर जाऊन किलो आला. पण हापूस अजून डझनावर विकला जातो. कैरी किलोवर, आणि तीच कैरी पिकली की डझनावर. यावर कुणी आक्षेप घेतल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

बारक्या रानफळांना मात्र माप आहे. कर्जत-खंडाळ्याच्या बाजूला उन्हाळ्यात आदिवासी बायका करवंदं, जांभळं पळसाच्या पानाच्या द्रोणात घालून विकतात. द्रोण वरपर्यंत रचलेला असतो, वर शीग. गिऱ्हाईकाची नजर शीगेवर, आणि द्रोणाचा तळ किती खोल ते पानाचं पानाला ठाऊक. मागितली तर वर आणखी मूठभर मिळतात. करवंदं ज्याला लोणच्याला हवीत तो द्रोणावर घेत नाही, तो टोपलीच घासाघीस करून उचलतो.

पाककृती लिहिणाऱ्या जुन्या बायकांनीही, माझ्या मते, फळ कधी मोजायचं हे बरोबर ओळखलं होतं. पन्ह्याचं पाहा. कैरी उकडायची, साल काढायची, गर कोयीपासून पिळून काढायचा आणि मग मोजायचा. 'गराच्या दुप्पट गूळ.' कुणीही पन्ह्याला 'चार वाट्या कैरीच्या फोडी' म्हणत नाही. उकडलेल्या गरात हवा नसते, तो वाटीत दुधासारखा सपाट बसतो, आणि कुणाच्याही वाटीत त्याचं वजन तेवढंच भरतं. गूळ मात्र खटपटी निघतो. किसलेला गूळ मोकळा बसतो, चिक्कीचा गूळ चेचून घातला तर खडे राहतात, आणि ओला गूळ दाबला की दाबतच जावा लागतो. पन्ह्याला गूळ वजनानं घ्यावा, गर वाटीनं घेतला तरी चालेल.

आमरसाचा हिशेबही असाच. अडीचशे ग्रॅमचा हापूस धरला तर डझन तीन किलोचं होतं. साल, कोय आणि कोयीला चिकटलेलं, जे मुलं चोखतात ते, वजा जाता निम्म्याहून थोडा जास्त रस निघतो, दीड-पावणेदोन किलो. रस पाण्याहून किंचित जड, म्हणून वाट्या आठाच्या आसपास. आमच्याकडे चार माणसांना ते पुरतं असं म्हणतात. मला ते कधी पुरलेलं दिसलं नाही. भाचीला डझनाचा उपयोग नाही, तिला डबा मिळतो. परदेशात आंब्याचा रस ज्या मोठ्या डब्यात मिळतो तो बहुतेकदा साडेआठशे ग्रॅमचा असतो. म्हणजे आठशे मिली, चार वाट्या, किंवा तिचे तीन कप आणि वर एक तृतीयांश. आम्रखंडाला, बर्फीला हे गणित निर्धास्त वापरावं. फक्त डब्यात आधीच साखर घातलेली आहे का ते वाचावं. बहुधा असते.

केळ्याच्या बाबतीत नग हेच माप झालंय आणि ते सगळ्यात फसवं आहे. अमेरिकन पाककृतीतलं 'मध्यम केळं' सोलून एकशेअठरा ग्रॅमचं धरलेलं असतं. आपली वेलची केळी सोलल्यावर चाळीस-पन्नास ग्रॅमची. 'तीन केळी कुस्करून घ्या' असं वाचून तीन वेलची केळी घेतली तर तो केळ्याचा केक म्हणजे नुसता मैदा. सालीत तिसरा हिस्सा जातो एवढं लक्षात ठेवलं आणि सोललेलं केळं काट्यावर ठेवलं, की जळगावचं असो नाही तर वसईचं, फरक पडत नाही. शिकरणाला हे काही लागत नाही. शिकरणाला लागतो तो पाहुणा, अचानक आलेला.

सत्यनारायणाच्या प्रसादात तर केळं फारच वेगळ्या मानाचं. कथेत नैवेद्याचं सगळं 'सपाद' म्हणजे सव्वा सांगितलं आहे, आणि यादीत केळं, तूप, दूध, गव्हाचं पीठ, साखर किंवा गूळ. सव्वा काय ते सांगितलेलं नाही. शेर, पाव, वाटी, ज्याची जशी ऐपत. बहुतेक घरांत सव्वा वाटी रवा, सव्वा वाटी साखर, सव्वा वाटी तूप, आणि केळं मात्र एक-दोन, जे पिकलं असेल ते. आता वाटीतला रवा एकशेचाळीस ग्रॅमच्या आसपास, साखर एकशेसत्तर, तूप एकशेऐंशी. आचारी शंभर माणसांचा प्रसाद करतो तेव्हा तो किलोनं तिन्ही सारखे तोलतो. घरचा वाटीनं केलेला प्रसाद त्याहून गोड आणि तुपाळ होतो, आणि मग सगळे म्हणतात घरच्या प्रसादाची चव वेगळीच. असते. रव्याच्या सव्वापटीहून जास्त तूप आहे त्यात.

भाचीला शेवटी मी कप सांगितलेच नाहीत. दहा-पंधरा डॉलरचा डिजिटल काटा घे म्हटलं, सोललेला गर तोल, तेवढीच साखर तोल, हळद घालू नकोस, वेलदोडे शेवटी. तिला हे पटलं नाही. तिचं म्हणणं, आजीनं कधी काटा वापरला नाही. खरं आहे. पण आजीची किसणी एकच होती, वाटी एकच, कैऱ्या देणारा माणूस एकच, आणि बोटं तर एकच. तिचं सगळं माप आयुष्यभर जागचं हललं नाही, म्हणून तिला वाटी पुरली. न्यू जर्सीतल्या कैऱ्या कधी मेक्सिकोच्या, कीस फूड प्रोसेसरचा, कप कुठल्यातरी सेटमधला. इतकं सगळं बदलल्यावर निदान एक गोष्ट न हलणारी हवी, आणि ती काटाच असू शकते. तिनं काटा घेतला. साखरांब्याचा फोटो आला तो जरा फिका होता, पण तार आली होती म्हणाली.

आता तिला फणस खुणावतोय. सांदणं करायची आहेत. त्याला मऊ, रसाळ गऱ्यांचा बरका फणस लागतो, घट्ट गऱ्यांचा कापा चालत नाही. बरक्याचे गरे रोळीवर नाही तर चाळणीवर घासून रस काढायचा आणि जितका रस तितका तांदळाचा रवा. वर थोडा गूळ, मीठ, खोबरं, आणि इडलीसारखं वाफवायचं. इथे वाटी चालते, कारण रस वाटीत सपाट बसतो. फक्त एका फणसातून रस किती निघेल ते कापेपर्यंत ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. काही फणस नुसते चारखंड आणि आठळ्यांचे निघतात, काहींतून पातेलं भरतं. त्यामुळे रवा आधी मोजून ठेवायचा नाही, रस निघाल्यावर मोजायचा, आणि पातळ रस असेल तर रवा मूठभर जास्त. तरीही रस उरतोच. तो तूप लावलेल्या ताटांत पातळ पसरून उन्हात ठेवायचा, दुसऱ्या दिवशी वर आणखी एक थर, तिसऱ्या दिवशी उलटायचा. फणसपोळीला माप नाही. घरात किती ताटं रिकामी आहेत तेवढं पाहायचं, आणि कावळ्यांवर एक माणूस बसवायचा.